मावशीच्या देशात

पनवेलजवळच्या आमच्या कोन गावाच्या फाट्यावर सकाळी उभं राहिलं की न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर पळस्प्याकडून येतात आणि पुण्याच्या वाटेला लागतात. शाळेत असताना एसटीची वाट बघत आम्ही मुली ते मोजायचो. काहींच्या अंगावर इंग्रजी नावं असत, काहींवर चौकोनात बसवलेली चिनी अक्षरं. रांगोळीच्या ठिपक्यांत बसवल्यासारखी ती दिसत. ती कुणी वाचत असेल, कुणाच्या तरी घरात त्यांचा रोज उच्चार होत असेल, हे त्या वयात मनातही येत नसे. मागे भाताची खाचरं, लांबवर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि समोरून धावत जाणारा, वाचता न येणारा चीन.

२०१६ च्या सप्टेंबरात मी त्याच देशात वर्षभरासाठी शिकायला गेले. भारत आणि चीन यांच्यात तेव्हा विद्यार्थ्यांची देवाणघेवाण चालायची, त्यातली शिष्यवृत्ती मिळाली होती. ही वाट तशी जुनी. १९४७ साली भारत सरकारने जे मोजके विद्यार्थी पेकिंगला धाडले, त्यांत पुण्याचे वसंत परांजपे होते. तिथे ते चिनी शिकले, पुढे परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५४ साली नेहरू चीनला गेले तेव्हा त्यांचे दुभाषे झाले. आमच्या आगरी घरातून मात्र इतक्या लांब शिकायला निघालेली मी पहिलीच. निघायच्या आदल्या रात्री आजी माझ्या बॅगेत जवळ्याची पुडी कोंबत होती. मधेच हात थांबवून तिने विचारलं, “तथं तुला कोन वलखतंय गो?”

आमच्या बोलीत ‘कोण’चं ‘कोन’ होतं. गावाचं नाव आणि तिचा प्रश्न एकाच शब्दात आला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बीजिंगच्या वायव्येला वूताओखौ नावाचा भाग आहे. विद्यापीठांचीच वस्ती म्हणावी, इतकी विद्यापीठं आसपास. आमचं भाषा-संस्कृती विद्यापीठ त्यातलंच. १९६२ पासून ते परदेशी मुलांना चिनी शिकवतंय. आमच्या वर्गात कोरियाची, कझाकस्तानची, इटलीची, सुदानची मुलं होती. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकाला चिनी नाव द्यायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, मग गाव विचारलं. मी ‘कोन’ म्हणाले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि फळ्यावर एक अक्षर काढलं. त्याचा उच्चार ‘खुंग’. “हे तुझं आडनाव,” त्या म्हणाल्या. मागाहून कळलं, आपण ज्यांना कन्फ्यूशियस म्हणतो त्या खुंग गुरूंचं हे आडनाव. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या गुरूंचे वंशज आजही ते लावतात. माझ्या गावाच्या नावाला बाईंनी त्यांच्या सगळ्यात मानाच्या आडनावाशेजारी नेऊन बसवलं होतं. त्या रात्री वहीचं एक पान मी त्याच अक्षराने भरून काढलं.

भाषेची मला धास्ती होती. चार सूर असतात, सूर बदलला की अर्थ बदलतो, हे ऐकून होते. ‘मा’ सरळ उंच सुरात म्हटलं तर आई, वर चढवलं तर ताग, खाली नेऊन वर आणलं तर घोडा आणि खाली आपटलं तर शिव्या देणं. सूर शिकायला सगळ्यांसारखेच कष्ट पडले. पण व्यंजनांनी मला थक्क केलं. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला जो फरक इटलीच्या मुलाला महिनाभर कळेना, तो मला बाराखडीतच मिळाला होता. इंग्रजी लिपीत ‘बी’ने सुरू होणारं बीजिंग खरं तर ‘पेइचिंग’ आहे, हे पहिल्या आठवड्यात कानाने पकडलं. त्याहून मोठं नवल पुढे होतं. निरोप घेताना चिनी माणसं ‘चाइ च्येन’ म्हणतात. त्यातला पहिला च आपल्या चाळीतला, चमच्यातला. दुसरा च चिमणीतला. बाई जिभेची चित्रं काढून हे दोन उच्चार समजावत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आमच्या एकट्या ‘चिंच’ शब्दात हे दोन्ही च शेजारी शेजारी बसलेत! मी शब्द म्हणून दाखवला. बाईंनी मला तो पुन्हा म्हणायला लावला. हजारो मैलांवरच्या वर्गात आपली मराठी अशी मदतीला धावून आली, याने मला आजही भरून येतं.

वसतिगृहाच्या दाराशी काचेच्या खोलीत एक बाई बसत. साठीच्या आत-बाहेरच्या, आखूड केसांच्या, गुडघ्यावर विणकाम. सगळी मुलं त्यांना ‘आयी’ म्हणायची. मला ते ऐकून पहिल्यांदा कोनच्या ओटीवरच उभी असल्यासारखं वाटलं. मी वर्गातल्या बाईंना अर्थ विचारला. आयी म्हणजे आईची बहीण, मावशी. पण तेवढंच नाही. घरकामाला येणारी बाई आयी, खानावळीत वाढणारी आयी, वसतिगृह सांभाळणारी आयी. आपल्याकडेही हेच नाही का? शाळेतल्या मावशी, दवाखान्यातल्या मावशी, डबा देणाऱ्या मावशी. जगात इतकी नाती असताना परक्या बाईला जवळ करायला दोन्ही भाषांनी आईची बहीणच निवडावी, या गोष्टीने मला चीनच्या भिंतीहून जास्त चकित केलं. ‘माय मरो, मावशी जगो’ असं म्हणणाऱ्या मुलखातून मी आले होते. मला ते लगेच पटलं.

रोज दुपारी मी आत शिरले की आयी विणकामातून मान वर न करता विचारायच्या, “छृ ल मा?” म्हणजे ‘जेवलीस का?’ पहिले काही दिवस मी प्रामाणिकपणे सगळं सांगायची, आज भात मिळाला, आज पोट भरलं नाही. मग ध्यानात आलं, हे आपल्यासारखंच आहे. आपल्या गावात दुपारी ओटीवरून कुणी ‘जेवलीस का गो?’ विचारतं तेव्हा त्याला जेवणाचा जाब नको असतो. तू दिसलीस, तुझी आठवण आहे, एवढंच सांगायचं असतं. उपासमारीच्या आठवणी ज्या देशांच्या हाडांत आहेत, त्यांनी खुशालीचा प्रश्न पोटावरूनच विचारावा, हे साहजिक आहे.

आणि पाणी. गरम पाण्यावाचून तो देश एक तास चालणार नाही. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ, खानावळीत नळ, आगगाडीच्या प्रत्येक डब्यात नळ. सकाळी मुलं हातात थर्मास घेऊन रांगेत. डोकं दुखलं, पोट दुखलं, घरची आठवण आली, आयींचं औषध एकच: गरम पाणी पी. चहाची पानं तळाशी टाकायची आणि दिवसभर त्याच पानांवर पाणी ओतत राहायचं. दूध नाही, साखर नाही. आपला ‘चहा’ शब्द मुळात त्यांच्याच ‘छा’वरून जगभर फिरत आपल्याकडे आला. आपण त्यात आलं, वेलदोडा, दूध, साखर घालून त्याला घरातलाच करून टाकला.

मला वाटायचं चीन म्हणजे भात. बीजिंगने ही समजूत मोडली. छिनलिंगचा डोंगर आणि हुआय नदी यांच्या रेषेने चीनचे दोन भाग होतात. दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. उत्तरेत वाफवलेले पांढरे मऊ गोळे, हाताने ताणलेल्या शेवया, पातळ पोळ्या. थंडीत सरकारी गरम पाण्याच्या नळ्यांनी घरं तापवायची सोयही याच रेषेच्या वरच, बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या मला सकाळच्या गाडीवरच्या च्येनपिंगने आधार दिला. गरम गोल तव्यावर पातळ पीठ ओतायचं, लाकडी फळीने गोल फिरवत कागदाइतकं पसरायचं, वर अंडं फोडायचं, कांद्याची पात, कोथिंबीर, काळपट गोडसर चटणी, तिखट, मधे कुरकुरीत पापडी आणि घडी. तवा, पीठ आणि ती मनगटाची गिरकी बघताना मला आईचं घावन आठवायचं.

त्याच गाडीवर एक छापील चौकोन लटकवलेला असे. फोन त्यासमोर धरायचा, पैसे गेले. म्हाताऱ्या भाजीवाल्यांकडेही तेच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आईचा फोन आला, पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. पुढचे कित्येक दिवस ती पनवेलला बँकेच्या रांगेत उभी राहत होती आणि मी बीजिंगमध्ये नोटेला हात न लावता न्याहारी करत होते. दोन देशांतल्या अडीच तासांच्या फरकात केवढं अंतर मावतं, ते त्या आठवड्यात दिसलं. आज कोन नाक्यावरचा वडेवालाही तसाच चौकोन लावून बसलाय. आपणही तेवढेच भरभर चाललो.

द्राक्षं विकणाऱ्या एका आजोबांनी मला आकडे शिकवले. भाव विचारला तर त्यांनी अंगठा आणि तर्जनी पसरून दाखवली. मी दोन युआन काढून दिले. आजोबांनी मान हलवली, माझा हात हातात घेतला आणि रस्त्यात उभं राहून एकेक बोट घडवलं. अंगठा नि करंगळी म्हणजे सहा. पाचही बोटांची टोकं जुळवली की सात. अंगठा नि तर्जनी म्हणजे आठ. तर्जनीचा आकडा केला की नऊ. एका हातावर दहापर्यंत मोजता येतं! भाव आठ युआन होता, तोही अर्ध्या किलोचा. कारण तिथलं वजन ‘चिन’, आणि एक चिन म्हणजे बरोबर पाचशे ग्रॅम. त्यांनी वर दोन मोठी द्राक्षं हातावर ठेवली, शिकल्याचं बक्षीस म्हणून.

वूताओखौ म्हणजे ‘पाचवं फाटक’. चिनी अभियंत्यांनी परक्यांच्या मदतीशिवाय बांधलेला पहिला मोठा लोहमार्ग, झान थिएनयौ यांनी १९०९ साली पुरा केलेला बीजिंग-चांगच्याखौ मार्ग, तिथून जायचा. त्यावरचं हे पाचवं फाटक. घंटा वाजली, दांडा खाली आला की सायकली, मोटारी, पुस्तकं छातीशी धरलेली मुलं सगळी जिथल्या तिथे थांबत. ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीला नव्या वेगवान मार्गासाठी ते फाटक बंद झालं. शेवटच्या दिवसांत लोक रुळांजवळ गर्दी करून उभे होते. नातवाला खांद्यावर घेतलेले एक आजोबा काही न बोलता जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिले. आमच्या कोनजवळची खाचरं द्रुतगती मार्गात गेली तेव्हा गावातले म्हातारे बांधावर असेच उभे राहिले होते. विकासाची गती दोन्ही देशांत मोठी. पण फाटकाशी थांबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते सारखंच.

डिसेंबरात धुरक्याने शहर गिळलं. १६ ते २१ डिसेंबर लाल इशारा होता. शाळा बंद, मोटारी सम-विषम आकड्यांनी, समोरची इमारत दिसेना. घसा खवखवायचा, नाकावरची पट्टी संध्याकाळी करडी व्हायची. तोंड झाकून, नजर खाली घालून सगळे चालत होते. त्या आठवड्यात मला घरची फार आठवण आली. २१ तारखेला तुंगच्र होतं, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. त्या दिवशी उत्तरेत च्याओत्झ खातात. ते खाल्ले नाहीत तर थंडीने कान गळून पडतात, असं पोरांना सांगतात. आयींनी आम्हा चार-पाच परदेशी मुलींना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर पीठ, कणकेच्या छोट्या पाऱ्या, कोबी आणि मटणाचं सारण. आयींनी पारीत चमचाभर सारण ठेवलं, कडेला पाणी लावलं, दुमडून अर्धचंद्र केला आणि दोन बोटांनी कडा चिमटत नेली.

ही तर करंजी! मी पारी उचलली, सारण भरलं आणि आईने शिकवली तशी मुरड घातली. एकसारखी, दोरीच्या पिळासारखी. आयींनी ती हातात घेऊन दिव्यासमोर धरली, सगळ्यांना दाखवली आणि पहिल्यांदा मला माझ्या चिनी नावाने हाक मारली. मग म्हणाल्या, “आजपासून कडा तूच घाल.” रात्री दहापर्यंत मी मुरड घालत होते आणि आयी उकळत्या पाण्यात सोडत होत्या. पहिल्या वाडग्याच्या रश्श्यात त्यांनी चिमूटभर काहीतरी टाकलं आणि त्या वासाने मी जागच्या जागी थबकले. जवळा! त्यांचा श्याफी आणि आपला जवळा, एकाच जातकुळीतली चिमुकली सुकी कोळंबी. मी धावत वर गेले आणि आजीने दिलेली पुडी आणली. आयींनी वास घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली. आजीच्या पुडीतला जवळा बीजिंगच्या रश्श्यात पडला. त्या रात्री वारा सुटला. सकाळी आभाळ निळं होतं.

एप्रिलमध्ये छिंगमिंग आलं, पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याचा दिवस. ४ एप्रिलला मी बीजिंगहून शिज्याच्वांगला गेले. पावणेतीनशे किलोमीटर, वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरचा एक माणूस आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने हे पथक पाठवलं. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी इतकी शिकले की त्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. इतकं मला शाळेपासून माहीत होतं.

जे माहीत नव्हतं ते दगडावर कोरलेलं होतं: ‘ख तीह्वा’. कोटणीसांचं चिनी नाव. त्यातला शेवटचा ‘ह्वा’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी हा ह्वा जोडून घेतला होता. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. आणि खेड्यातली माणसं कोटणीसांना प्रेमाने ‘सावळी आई’ म्हणत. पुरुष डॉक्टरला आई! परक्याला जवळ करायचं ठरवलं की ही भाषा थेट घरात नेते, आईजवळ, मावशीजवळ.

थडग्यावर पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचे गुच्छ होते. गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळकरी मुलं रांगेने वाकत होती. मीही फुलं ठेवली. शेजारच्या एका आजीबाईंनी मला न्याहाळलं आणि कुठली म्हणून विचारलं. भारताची, कोटणीसांच्याच भाषेची, मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, नातीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “ही ख तीह्वांची लाओश्यांग.” लाओश्यांग म्हणजे एका गावचं माणूस, गाववाली. पनवेल आणि सोलापूर यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आहे. त्यांच्या एका शब्दाने ते अंतर पुसलं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या त्या डॉक्टरांनी माझी ओळख तिथे आधीच करून ठेवली होती. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला शिज्याच्वांगला मिळालं.

जुलैत निघायच्या सकाळी आयींनी मला खोलीत बसवून च्याओत्झचा वाडगा पुढे केला. “गाडीत चढताना च्याओत्झ, उतरताना शेवया,” त्या म्हणाल्या. उत्तरेत हीच रीत आहे. जाणाऱ्याला कडा मिटलेले च्याओत्झ द्यायचे, येणाऱ्याचे पाय लांब शेवयांनी बांधून ठेवायचे. आपण गौरी जाताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतो, तिने मुरडून परत यावं म्हणून. मी त्यांना ते सांगायचा प्रयत्न केला. पुरते शब्द नव्हते. पण वाडग्यातल्या एका च्याओत्झच्या कडेवरून मी बोट फिरवलं, दाराकडे दाखवलं आणि बोट पुन्हा खोलीकडे वळवलं. त्यांना कळलं. डोळे पुसत त्यांनी माझा थर्मास गरम पाण्याने भरला.

कोनला पोचले त्या संध्याकाळी पाऊस होता. फाट्यावर एक कंटेनर सिग्नलला थांबला. अंगावर चार अक्षरं. मी ती वाचली: चुंग, कुओ, हाइ, युन. चीन समुद्र वाहतूक. इतकी साधी गोष्ट लिहिलेली होती आणि मी वर्षानुवर्षं तिला नक्षी समजत आले होते. त्याच्या पलीकडे ताडपत्रीखाली चायनीजची गाडी होती. एक नेपाळी पोरगा ती चालवतो. आता इथे उंच इमारती उभ्या राहिल्या, कुठून कुठून माणसं आली, तसाच तोही आलेला. चार वर्षं मी त्याच्याकडून शेवया नेत होते आणि चार वर्षं तो माझ्यासाठी फक्त ‘चायनीजवाला’ होता.

उतरताना शेवया खायच्या असतात. मी एक प्लेट मागितली. तो कढई हलवत होता तेव्हा मी त्याचं नाव विचारलं. त्याने मान वर केली. पहिल्यांदा नाव सांगितलं, मग जिल्हा, मग गाव, मग तिथल्या नदीचं नाव. कुणी विचारायचीच वाट बघत असावा, तसा बोलत राहिला. प्लेट माझ्या हातात देईपर्यंत शेवया निवल्या होत्या.

“आणि तू जेवलास का?” मी विचारलं.